भारतनेटचा डबा पंचायतीत आला, घरात नेट कधी?

गावकुसाबाहेरचा (धागाकर्ता)

गाव दक्षिण सोलापुरातले आहे, पण अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा काहीही धरा, चित्र तेच. पंचायतीच्या खोलीत भिंतीवर भारतनेटचा (पंचायतीपर्यंत फायबर आणणारी सरकारी योजना) पांढरा डबा, खाली बॅटरी, मागच्या भोकातून आत आलेली काळी केबल. डब्यावर बोटभर धूळ आणि आत एक लाल दिवा. कागदोपत्री गाव जोडलेले आहे. ई-पीक पाहणी, रेशनचे मशीन, दाखले सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते.

गाव सव्वाचारशे उंबऱ्यांचे. त्यातले शंभरेक घरवाले महिन्याला पैसे मोजून नेट घ्यायला तयार आहेत. भिंतीपर्यंत आलेले फायबर घरोघर न्यायला नेमके काय लागते? सामान किती, परवानगी कोणाची, आणि घोळ कुठे होतो? "एअरफायबर घ्या नि मोकळे व्हा" असाही (म्हणजे टॉवरवरून बिनतारी नेट घ्यायचा) सल्ला मिळतोय, तोही तपासून द्या. देशाची धोरणे मला वाचता येतात, मला त्या भिंतीपासून पुढचे हवे आहे.

लाल_दिवा

घरोघरचे नंतर. आधी दिवे वाचा.

एलओएसचा (प्रकाश हरवल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाश डब्यापर्यंत येतच नाही: केबल तुटली, पॅचकॉर्ड वाकली, कनेक्टर घाण झाला किंवा तालुक्याच्या बाजूने पोर्ट बंद आहे. पॉनचा (वरच्या यंत्राशी जोडणीचा) हिरवा दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण वरच्या ओएलटीने (तालुक्याच्या टोकाच्या मुख्य यंत्राने) डब्याला ओळखलेले नाही किंवा प्रकाश फार क्षीण आहे. पॉन स्थिर आणि तरी नेट नाही, तर दोष सेटिंगमध्ये किंवा त्याही वर. सगळेच दिवे बंद असतील तर वायरमन बोलवा, फायबरवाला नको.

दुसरे काम पॉवर मीटर, म्हणजे येणारा प्रकाश मोजायचे यंत्र. कोणत्याही केबलवाल्याकडे असतो. १४९० नॅनोमीटरवर (खाली येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी) ठेवून पॅचकॉर्डचे टोक लावा. उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) आत आकडा हवा. उणे २५ आला तर आज चालेल, पावसाळ्यात जाईल. उणे ४० किंवा नुसते 'लो' दिसले तर अंधार.

एक खबरदारी: डबा ओएनटी (फायबरच्या ग्राहकाकडच्या टोकाचे यंत्र) आहे की राउटर, ते आधी बघा. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याला ओएलटी आणि पंचायतीत ओएनटी अशी जीपॉनची (एकच फायबर अनेकांत वाटणारी) रचना होती. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याच्या महानेट प्रकल्पातून झाले. तक्रार कुठे करायची हे त्यावर ठरते, नाहीतर दोन्हीकडचे लोक "आमचा नाही" म्हणून मोकळे.

कडक_भाकरी

लाल दिवा तरी लागतोय न बे, म्हणजे वीज हाय. निम्मी लढाई जिंकली.

जुना_लाइनमन

कडक_भाकरी हसण्यावारी नेताहेत, पण वीज हाच मोठा घोळ आहे. ओएनटी १२ व्होल्टवर चालतो, १० ते १५ वॅट खातो. खालची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. तिची निम्मीच वापरावी, म्हणजे साडेतीन तास. नवी असताना.

शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते आणि वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. आपल्याकडे एप्रिल-मेत पत्र्याच्या खोलीत दुपारी किती होते हे सोलापूरकराला सांगायला नको. पाच वर्षांची म्हणून बसवलेली बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात फुगते. मग वीज गेली की डबा त्याच क्षणी बंद, आणि तालुक्यात बसलेल्याला वाटते केबल तुटली.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची बसवा. ८० टक्के वापरली तरी पाच तास निघतात. अडॅप्टर २ अँपिअरचाच घ्या. १ अँपिअरचा लावला तर डबा सुरू होतो, पण वाय-फायवर लोड आला की रीसेट होतो आणि सगळे फायबरला शिव्या देतात. आणि अर्थिंग! काच वीज वाहत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वीज पडते तेव्हा डबा जळतो तो पॉवरच्या वायरीतून नाहीतर दुसऱ्या खोलीत नेलेल्या लॅन केबलमधून.

सात_रस्ता

थोडी पार्श्वभूमी, कारण तुमच्या लाल दिव्याचे मूळ तिथे आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर झाले, २०१५ मध्ये त्याचे भारतनेट झाले. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस हा आराखडा. खर्च वाचवायला तालुक्यापासून निघालेली बीएसएनएलची आधीचीच फायबर जमेल तिथवर वापरली आणि पंचायतीपर्यंतचा उरलेला तुकडा नवा टाकला. एका तारेत पाच-सहा गावे, माळेत मणी ओवल्यासारखी. पहिल्या मण्यापाशी जेसीबी लागला की पुढचे सगळे अंधारात.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात मुख्य बदल रिंगचा. तालुका आणि पंचायती गोलात जोडायच्या, एका बाजूने तुटले तर दुसरीकडून डेटा फिरेल. २.६४ लाख पंचायती रिंगमध्ये आणि उरलेली साधारण ३.८ लाख गावे मागणीप्रमाणे. तीन वर्षे बांधकाम आणि दहा वर्षे देखभाल एकाच ठेकेदाराकडे. हे शेवटचे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. टाकणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा असला की टाकणारा उथळ चर खणतो.

चादरवाला

@सात_रस्ता, रिंगचे कौतुक जपून करा. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच रस्त्याच्या एकाच चरातून नेल्या तर ती रिंग नकाशावरच. मोरीपाशी दोन्ही एकाच पाइपात घुसल्या की संपले. रिंग आहे म्हणणाऱ्याला एकच विचारायचे: ओढा कुठे-कुठे ओलांडलाय? दोन वेगळ्या जागा सांगता आल्या तर ती रिंग.

काळी_माती

चराचा विषय निघालाच आहे तर जमिनीबद्दल. जमिनीखालून केबल म्हणजे ४० मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेला एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप १६५ सेंटिमीटर खोल, आणि त्यात कॉम्प्रेसरने फुंकून घातलेली फायबर. पुस्तकात छान. आपल्या जिल्ह्यात दोन जमिनी आहेत आणि दोन्ही या पुस्तकाच्या वैरी.

भीमा-सीनेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते. या ओढाताणीत पाइपाचे कपलर निसटतात. पाणी-गाळ आत शिरतो आणि पुढे कधी नवी केबल फुंकायची म्हटले की मध्येच अडकते. म्हणून पाइप पुरल्यावर लगेच दोन्ही टोकांनी हवा भरून दाब धरतोय का बघायचे आणि टोकांना बुचे मारायची. बुच न मारलेला पाइप म्हणजे उंदरांना बिनभाड्याचे घर.

दुसरी जमीन सांगोला-मंगळवेढ्याच्या माळाची. हातभर मुरूम, खाली बेसाल्ट. तिथे १६५ सेंटिमीटर जायला ब्रेकर लागतो, वेळ आणि पैसा कैकपट. कमी खोली चालते, पण मग वरून जीआय पाइप किंवा काँक्रीटचे आवरण हवे. काही जण खोलीही कमी ठेवतात आणि काँक्रीटही फोटोपुरते घालतात. पंचायतीने काम सुरू असताना एक माणूस टेप घेऊन उभा करावा. चर बुजल्यावर कोणाला काही सिद्ध करता येत नाही.

पाणंद_रस्ता

बाडिस (सहमत). भर घालतो: चराच्या वर अर्ध्या खोलीवर इशाऱ्याची रंगीत पट्टी टाकलेली असते, ती टाकून घ्याच. जेसीबीच्या बकेटला आधी पट्टी लागते, ड्रायव्हर थांबतो. आणि २०२३ च्या मार्चपासून 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी अ‍ॅप आहे. खोदणाऱ्याने जागा टाकायची, तिथे ज्यांच्या केबल-पाइप आहेत त्यांना निरोप जातो. पंचायतीने स्वतःच्या पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारालाही हे सक्तीचे करावे. गावातली फायबर बहुतेक वेळा गावाच्याच नळयोजनेच्या खोदाईत तुटते.

कडक_भाकरी

एकंदरीत भारतनेटशी सगळ्यात जवळचा संबंध जेसीबीचाच म्हणायचा.

टॉवरखाली

मग खणताच कशाला? खांबावरून न्या. महावितरणचे खांब उभेच आहेत, परवानगी घ्या, एडीएसएस (खांबांमध्ये स्वतःच्या बळावर ताणून राहणारी) केबल टाका. पूर्ण धातुविरहित असते, विजेच्या तारांशेजारी चालते. खोदाईच्या मानाने फार स्वस्त आणि आठवड्याभरात गाव पूर्ण.

काळी_माती

गाळप हंगाम विसरलात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, वरपर्यंत रचून निघतात. रस्ता ओलांडणारी केबल साडेचार मीटरवर लोंबत असली तर पहिल्याच खेपेला जाते, आणि एकटी जात नाही, दोन्हीकडची खांबावरची क्लॅम्पही उपटून नेते. दुसरे म्हणजे पाचट. फडाला काडी लावली की कडेच्या खांबावरची केबल वितळते. बाहेरून नुसती सुरकुतलेली दिसते, आत फायबर तुटलेली असते.

जुना_लाइनमन

दोघांचेही बरोबर आहे, प्रश्न तपशिलाचा. वरून न्यायची तर रस्ता ओलांडताना सगळ्यात खालच्या बिंदूपाशी किमान ६ मीटर उंची ठेवा आणि ती मे महिन्याच्या दुपारची धरा. थंडीत ताणलेली केबल उन्हाळ्यात खाली येते. मोठा रस्ता असेल तर तेवढाच भाग जमिनीखालून पाइपातून न्या, बाकी खांबावरून. दर दोन-तीनशे मीटरवर १०-१५ मीटरचे वेटोळे खांबाला बांधून ठेवा. तुटल्यावर ते ओढून एका जॉइंटमध्ये काम भागते. वेटोळे नसेल तर मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जॉइंट आणि दुप्पट वेळ.

घरात जाणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये दोन प्रकार येतात, बळकटीला स्टीलची तार असलेली आणि एफआरपीची (काचतंतूच्या प्लास्टिकची) कांडी असलेली. खांबावर विजेच्या तारा असतील तिथे एफआरपीचीच घ्या. पैसे वाचवायला स्टीलची लावतात, घासून-घासून विजेच्या तारेला टेकते आणि करंट थेट घरातल्या डब्यापाशी. यात माणूस मरू शकतो.

डेसिबल

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचा गणिती भाग. प्रकाशाचे बजेट.

जीपॉनच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात ओएलटीपासून घरापर्यंत एकूण २८ डीबी (प्रकाशाच्या घटीचे माप) घट चालते. १:८ स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारा) साधारण १०.५ डीबी खातो, १:३२ चा सुमारे १७. फायबर किलोमीटरला ०.३५ (१३१० नॅनोमीटरला घट जास्त, ती धरून). चांगला स्प्लाइस (वितळवून केलेला सांधा) ०.१, कनेक्टरची जोडी ०.४.

गावातच छोटा ओएलटी ठेवला तर: १:८ खाली पुन्हा १:८, म्हणजे एका पोर्टवर ६४ घरे, २१ डीबी. दोन किमी फायबर ०.७. सहा स्प्लाइस ०.६. चार कनेक्टर १.६. बेरीज २३.९. ओएलटी अधिक ३ डीबीएमने पाठवतो, घरात उणे २०.९ मिळतात. मस्त.

हीच ६४ घरे थेट तालुक्याच्या ओएलटीवर टांगायची, अंतर १५ किमी: स्प्लिटर २१, फायबर ५.२५, वाटेतले जॉइंट (केबलचा ड्रम साधारण दोन किमीचा, म्हणून सातआठ) ०.८, गावातले स्प्लाइस ०.६, कनेक्टर १.६. बेरीज २९.२५. बजेट फुटले. काही घरे चालतील, काही चालू-बंद होत राहतील. तसे करायचेच तर ३२ डीबीचा सी-प्लस मॉड्यूल लावा किंवा पोर्टमागे ३२ घरांवर थांबा.

शंभर घरांसाठी सामान: चार पोर्टचा ओएलटी एक (दोन पोर्ट वापरात, दोन राखीव), पहिल्या पातळीचे १:८ दोन, दुसऱ्या पातळीचे १:८ सोळा आणि तेवढेच खांबावरचे डबे, १२ कोअरची (आत १२ फायबर असलेली) केबल गावाच्या पसाऱ्याप्रमाणे तीनेक किमी, घरामागे सरासरी ६० मीटर धरून सहा किमी ड्रॉप. १२८ घरांची सोय होते. स्प्लिटरचे सगळे पोर्ट पहिल्याच दिवशी भरू नका. प्रत्येक डब्यात एक-दोन मोकळे ठेवा, नाहीतर नव्या घरासाठी कोणीतरी तिसऱ्या पातळीचा स्प्लिटर टोचतो आणि मागच्या आठ घरांचे बजेट खाली येते.

मधला_मार्ग

वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका: केबलवाले बहुतेक ईपॉनचे (जीपॉनसारखीच दुसरी पद्धत) ओएलटी वापरतात. चालेल का?

डेसिबल

चालते, स्वस्तही पडते. ईपॉनमध्ये वर-खाली १.२५ जीबीपीएस, जीपॉनमध्ये खाली २.४८८ आणि वर १.२४४. शंभर घरांना दोन्ही पुरतात. फक्त ईपॉनचा ओएनटी जीपॉनच्या ओएलटीवर चढत नाही. दोन्हींवर चालणारे डबे मिळतात, तेच घ्या. पुढे ऑपरेटर बदलला तर शंभर डबे बदलायला नकोत.

टॉवरखाली

पण एवढे सगळे करून ओएलटीला मागून मिळणार काय? १०० एमबीपीएस! रात्री नऊला तीस घरांत एचडी चालू झाले, प्रत्येकी ५ एमबीपीएस, झाले १५०. शंभर घरे सोडा, तीसच घरांत गाव अडकले. म्हणून म्हणतो, गावाशेजारी ५जी टॉवर असेल तर एअरफायबर. छतावर एक पेटी, खाली वाय-फाय, खोदाई नाही, स्प्लिटर नाही.

डेसिबल

१०० बद्दल मुद्दा अगदी खरा. भारतनेटची बँडविड्थ घेऊन घरोघर वाटू नका. त्याच केबलमधली मोकळी कोअर भाड्याने मिळते, डार्क फायबर म्हणतात ते. त्यावर दोन्ही टोकांना १ किंवा १० गिगाबिटचे एसएफपी (यंत्राला फायबर जोडायचे) मॉड्यूल लावून तालुक्याच्या किंवा सोलापूरच्या आयएसपीकडे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे) जायचे. साधारण १० किमीपर्यंत साधे एलएक्स मॉड्यूल, पुढे कंपनीचा आकडा बघून २० किंवा ४० किमीचे. ४० किमीचे मॉड्यूल दोन किमीवर लावू नका, समोरचा रिसीव्हर आंधळा होतो, मध्ये अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) लागतो.

एअरफायबरचे म्हणाल तर टॉवरच्या एका सेक्टरची (एका दिशेच्या अँटेनाची) क्षमता मोबाइलवाल्यांसह सगळ्यांत वाटली जाते. दहा घरांना झकास, शंभर घरांनी रात्री टीव्ही लावला की तीच रडकथा. आणि त्या टॉवरला मागून काय आहे? फायबर असेल तर ठीक. मायक्रोवेव्हच्या दोन-तीन उड्या मारून येत असेल तर पाऊस आला की बघा.

टॉवरखाली

मान्य, सेक्टरची मर्यादा आहे. पण वस्तीवरच्या, शेतातल्या सुट्या घरांना फायबर परवडत नाही हेही मान्य करा. एका घरासाठी दीड किमी केबल कोण टाकणार? तिथे एअरफायबर किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा पॉइंट-टू-पॉइंट रेडिओ. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झला परवाना लागत नाही. समोरासमोर दिसले पाहिजे, मध्ये चिंच-लिंब नको. पेटी बसवताना आरएसआरपी (सिग्नलची ताकद) बघा: उणे ८५-९० उत्तम, उणे ११० च्या खाली गेले तर बसवणाऱ्याला परत पाठवा. मोबाइल हातात धरून "फुल रेंज आहे" यावर जाऊ नका.

डेसिबल

वस्त्यांबाबत शंभर टक्के सहमत.

गड्ड्याची_जत्रा

अवांतर: उपग्रहाचे नेट येतेय म्हणतात, मग हे सगळे कालबाह्य नाही का?

सात_रस्ता

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. हे उपग्रह साधारण ५५० किमीवर फिरतात, त्यामुळे जुन्या डिश-नेटचा उशीर त्यांना नाही. जुने उपग्रह ३५,७८६ किमीवर. विनंती वर-खाली आणि उत्तर वर-खाली, म्हणजे प्रकाशालाच जवळपास अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलवर दोघेही एकदम बोलतात ते त्यामुळे. फायबरमध्ये प्रकाश किमीला ५ मायक्रोसेकंद घेतो: सोलापूर-मुंबई ४०० किमी धरले तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. पण उपग्रहाची क्षमता मोठ्या परिसरात वाटली जाते. दाट वस्तीच्या गावाला ते उत्तर नाही, एकाकी वस्तीला असू शकते.

गड्ड्याची_जत्रा

म्हणजे आषाढीला पंढरपुरात मोबाइलचे होते तसे. रेंज पूर्ण, नेट शून्य.

सात_रस्ता

हो, अगदी तेच. रेंज म्हणजे आवाज ऐकू येणे, क्षमता म्हणजे बोलायला नंबर लागणे.

नियमावली

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून. पंचायतीने किंवा एखाद्या पोराने आयएसपीचे कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना वायर ओढून विकणे बेकायदा आहे. इंटरनेट विकायला परवाना लागतो: अ वर्ग देशभर, ब वर्ग राज्य पातळीवर, क वर्ग छोट्या क्षेत्राचा. गावाला परवाना काढायची गरज नाही. परवानाधारकाचा फ्रँचायझी व्हायचे. ग्राहकाची केवायसी आणि नोंदी त्याच्या नावावर.

परवान्याशिवायचा कायदेशीर मार्ग पीएम-वाणी (सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना), डिसेंबर २०२० पासून. चहाची टपरी, किराणा दुकान, पंचायत कोणीही पीडीओ (सार्वजनिक वाय-फाय केंद्र) होऊन वाय-फाय विकू शकते, नोंदणी फी नाही. मागे पीडीओए नावाचा मध्यस्थ लॉगिन आणि हिशेब सांभाळतो. अडचण अशी होती की कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड (खास राखीव) लाइन घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ठरवले की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचा. एसटी स्टँड, पारावर दोन ठिकाणी हे जमते. घरोघरला हे उत्तर नव्हे.

रस्त्यांची परवानगी: गावातला रस्ता पंचायतीचा, पुढचा जिल्हा परिषदेचा, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामचा, ६५ किंवा ५२ नंबरचा हायवे ओलांडायचा तर राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. रूळ असेल तर रेल्वे. कालवा असेल तर पाटबंधारे. नान्नजच्या बाजूला माळढोक अभयारण्याचा पट्टा लागला तर वनविभाग. १ जानेवारी २०२५ पासून नवे राइट ऑफ वे (केबल न्यायच्या वाटेच्या परवानगीचे) नियम लागू आहेत, अर्ज पोर्टलवर होतात. मार्ग आखतानाच ओलांडण्याच्या जागा कमी करा. दोनशे मीटर वळसा परवडतो, एक रूळ परवडत नाही.

चादरवाला

एक गोष्ट राहिली. देखभाल. शंभर घरांत रोज काहीतरी होणार. गावातला एक पोरगा तयार करा, आणि त्याला स्प्लायसिंग मशीन नंतर, आधी तीन वस्तू द्या: पॉवर मीटर, लाल लेझरचा पेन, आणि कनेक्टर पुसायचा क्लीनर. निम्म्याहून जास्त तक्रारी यातच मिटतात. हिरवे कनेक्टर तिरके घासलेले, निळे सरळ. हिरव्यात निळा घालायचा नाही. बसतो, म्हणूनच घालतात. मध्ये फट राहते, प्रकाश गळतो आणि टोकही खराब होते. शर्टाला पुसणे, फुंकर मारणे बंद.

डेसिबल

आणि एकाच पोर्टवरची ६४ घरे एकदम चालू-बंद व्हायला लागली, केबल मात्र ठणठणीत, तर बिघडलेला एखादा ओएनटी शोधा. वर बोलायला प्रत्येक डब्याला ठरलेला क्षण असतो. एखादा डबा बिघडून सतत प्रकाश मारू लागला की बाकी कोणाचेच ऐकू जात नाही. दुसऱ्या पातळीचे आठ स्प्लिटर एकेक करून काढायचे, ज्याने बाकीचे सुरू झाले त्यातली आठ घरे मग एकेक करून.

कडक_भाकरी

ग्रामसभेत पण असा एक डबा असतोय.

गावकुसाबाहेरचा (धागाकर्ता)

दंडवत सगळ्यांना. केबलवाल्याचा मीटर लावून बघितला: १४९० वर उणे ३३. डबा ओएनटीच आहे. पॅचकॉर्ड कपाटाच्या दाराच्या बिजागरीतून गेलेली आहे, दार लावले की दबते. ओटीडीआरवाला (दोष किती अंतरावर आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा माणूस) तालुक्याहून बोलवावा लागेल का?

लाल_दिवा

आधी दार काढा, मग ओटीडीआर. उणे ३३ म्हणजे प्रकाश येतोय, वाटेत कोणीतरी खातोय. हिरव्या टोकाची दीड मीटरची नवी पॅचकॉर्ड लावा, दोन्ही टोके पुसा, मुठीपेक्षा लहान वेटोळे करू नका, पुन्हा मोजा.

तरी उणे ३० च्या आसपास राहिले तर ओटीडीआर बोलवा आणि त्याला दोन्ही वेव्हलेंग्थवर मोजायला सांगा. १५५० वर घट मोठी आणि १३१० वर छोटी दिसली तर कुठेतरी केबल वाकली आहे. दोन्हीवर सारखी असेल तर जॉइंट खराब. यंत्र ४,३०० मीटर दाखवेल, पण रस्त्यावर ते चार किमीच्या थोडे आधीच सापडेल, कारण वेटोळी आणि केबलच्या आतला फायबरचा पीळ त्यात मोजला जातो. शेवटच्या जॉइंटपासून मोजत या, तालुक्यापासून नको.

गावकुसाबाहेरचा (धागाकर्ता)

पॅचकॉर्ड बदलली. उणे १९.६. एलओएस विझला, पॉन लुकलुकतोय. थांबतच नाही.

लाल_दिवा

मग ओएलटीवर तुमचा डबा नोंदलेला नाही किंवा मध्ये कधीतरी डबा बदलला आणि जुना नंबर तसाच राहिला. डब्याच्या मागच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर कळवा. १२ अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरे कंपनीची. तक्रारीत नंबर, मोजलेले उणे १९.६ आणि पॉन लुकलुकतोय हे तिन्ही लिहा, म्हणजे "लाइन तपासतो" म्हणून आठवडा घालवता येणार नाही.

गावकुसाबाहेरचा (धागाकर्ता)

पट्टी उंदराने खाल्ली आहे. शेवटची तीन अक्षरे शिल्लक.

लाल_दिवा

चालेल. डबा चालू ठेवा आणि तालुक्याच्या माणसाला फोन करून ओएलटीवर न नोंदलेल्या डब्यांची यादी बघायला सांगा. तुमच्या पोर्टवर जो एकच दिसेल आणि ज्याची शेवटची तीन जुळतील, तो तुमचा.